गरम पाण्याची परवानगी

बाईंनी मला पहिलं इंजेक्शन दिलं त्याला पाव तास लागला. सुई टोचायला नव्हे, माझ्याकडून 'हो' वदवून घ्यायला. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे एस.टी. पोचत नसे अशा त्या गावात मी ग्रामसेवक म्हणून हजर होऊन चार दिवस झाले होते. पायात गंजका खिळा घुसला म्हणून उपकेंद्रात गेलो आणि बाही वर सारून बाकावर बसलो. बाईंनी सिरिंज डब्यात झाकून ठेवली आणि विचारलं, "टोचू का?"

मी मान हलवली.

"मान नको. बोला."

"टोचा की."

"टोचा की म्हणजे माझ्यावर उपकार केल्यासारखं झालं. तुमची इच्छा आहे का?"

इंजेक्शनची इच्छा कुणाला असते? मी तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, मग घरी जा आणि विचार करून या, मी संध्याकाळपर्यंत आहे. शेवटी मी चिडून जवळजवळ ओरडलो, "हो, माझी इच्छा आहे, टोचा!" तेव्हा कुठे डबा उघडला. सुई इतक्या हलक्या हाताने टोचली की मला कळलीसुद्धा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. हे सगळं पहिल्या मिनिटात उरकता आलं असतं.

हे साधारण ऐंशी सालाच्या आसपासचं. बाई त्या उपकेंद्रात माझ्या आधी दहा वर्षं होत्या. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा लांबलचक होता, गावाच्या तोंडी नुसतं 'बाई'. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, पायात पुरुषी वहाणा. खोलीत भिंतीवर बुद्धाची एक तसबीर आणि खाली लोखंडी ट्रंक. नवरा होता की नव्हता, मूलबाळ होतं की नव्हतं, हे गावाला कधी कळलं नाही. सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या या बाईंना काही विचारायची कुणाची छाती नव्हती.

विचारल्याशिवाय बाई कशालाही हात लावत नसत. बाळंतीण कळांनी विव्हळत असली तरी आधी "हात लावू का गं?" एखादी म्हणायची, "बाई, आता काय इचारताय, मराया लागले मी!" तर बाई म्हणायच्या, "मरत नाहीस. हो म्हण." तासाभराच्या बाळालाही विचारायच्या. पाटावर घेतलं की, "पाणी घालू का, साहेब?" बाळ रडायला लागलं की थांबायच्या. जरा गप्प झालं की तो होकार धरायच्या. गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत, पण बाळंतपणाला दुसरीकडे कुणी जात नसे. पलीकडच्या तीरावरच्या वाड्यांतूनही होडीत घालून बाया आणत.

माझ्या आधीचे दिवस कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचे होते. कुठल्या उपकेंद्राने किती बायका शस्त्रक्रियेला आणल्या, याच्यावर बढत्या आणि बदल्या ठरत. बाई प्रत्येकीला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारायच्या, आणि तिसऱ्या दिवशी ती घाबरलेली दिसली तर परत पाठवायच्या. त्यांचं उद्दिष्ट कधी पुरं झालं नाही. वरून मेमो यायचे. ते सगळे मेमो पट्टीच्या कापडात बांधून त्यांनी ट्रंकेत ठेवले होते आणि वर चिठ्ठी लावली होती, 'विचारल्याबद्दल'.

एकदा मी म्हटलं, "बाई, तुमचा वेळ किती जातो यात!"

"जाऊ द्यावा," त्या म्हणाल्या. मग कापसाचे बोळे करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या आईला जन्मात कुणी काही विचारलं नाही, भाऊसाहेब. कुठं बसायचं, कुठलं पाणी प्यायचं, कुणाच्या दारात किती लांब उभं राहायचं, सगळं ठरलेलं असायचं. मला पहिला पगार मिळाला तेव्हाच मी ठरवलं, माझ्या हातून तरी कुणाला न विचारता काही व्हायचं नाही."

ग्रामसेवकाला गावोगाव भाऊसाहेब म्हणतात. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि मला ते फार आवडायचं.

उपकेंद्राची इमारत दोन खोल्यांची. गावाने ती जागा सरकारला दिली त्याचं कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. पुढे पाऊलवाट आणि वाटेपलीकडे गुरवबाबांचं घर, डाव्या हाताला ओढा, उजव्या हाताला उघडा कातळ, आणि पाठीमागच्या भिंतीला लागून देवराई. अंजन, जांभूळ, हिरडा अशी जुनी झाडं, मांडीएवढ्या जाड वेली आणि दिवसाही अंधार. आत देवीचा शेंदूर फासलेला दगड. देवराईतली वाळकी काडी बाहेर न्यायची नाही, पान न्यायचं नाही, आत वहाण घालायची नाही, विस्तव न्यायचा नाही. कुणी नियम मोडल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. वनखात्याला जे गार्ड नेमून जमत नव्हतं ते देवीनं बसल्या जागेवरून जमवलं होतं.

त्या सावलीमुळे उपकेंद्र बारा महिने दमट. पावसाळ्यात तर चार-चार महिने ऊन नाही, लाकडं भिजलेली. रॉकेलचा कोटा हत्यारं उकळण्यात संपायचा. बाळंतिणीच्या अंगावर घालायला, बाळाला धुवायला, कपडे पिळायला जे गरम पाणी लागतं, त्यासाठी पडवीत तीन दगडांची चूल. ओली लाकडं धुमसत राहायची, धूर बाळंतिणीच्या खोलीत शिरायचा, आणि दोन तासांनी पाणी कोमट व्हायचं. बाईंना गावात काही कमी वाटत असेल तर हे एकच. दर पावसाळ्यात त्या वर लिहायच्या की पाणी तापवण्याची सोय करावी. दर पावसाळ्यानंतर उत्तर यायचं की मागणीची नोंद घेतली आहे.

एका श्रावणात बाई एका घरी उकिरड्यावरून भांडत होत्या. उकिरडा दारापासून लांब हवा, हा त्यांचा नेहमीचा वाद. घरधनी म्हणाला, "काय हुतंय त्येला?" बाई म्हणाल्या, "हात घालून दाखवू का आत काय असतं?" तो हो म्हणाला. बाईंनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि किंचाळून बाहेर काढला. अळ्या नव्हत्या. हात भाजला होता.

दुसऱ्या दिवशी त्या थर्मामीटर घेऊन परत गेल्या. "घालू का?" असं विचारून उकिरड्याच्या पोटात घातला. पारा वरच्या टोकाला गेला आणि काच तडकली. 'उकिरड्याचा ताप मोजताना थर्मामीटर फुटला' असं त्यांनी साहित्याच्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलं. त्याचाही मेमो आला आणि ट्रंकेत गेला.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही उकिरडा आतून तापतो हे माहीत असतं. मलाही होतं. पण ती ऊब कामाला लावावी, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंनी त्याच उकिरड्यात पाण्याची झाकलेली घागर पुरून ठेवली. तिसऱ्या दिवशी पाणी अंघोळीला लागतं तसं निघालं. मग त्यांनी मला बोलावून आखणी सांगितली. पुरुषभर उंचीचा पाल्याचा ढीग, मध्ये शेणाचे थर, भोवती कारवीचा कूड, वर पावसासाठी शाकार. ढिगाच्या पोटात पत्र्याचं पिंप, आणि पिंपाला नळी, ती भिंतीतून थेट बाळंतिणीच्या मोरीत. धूर नाही, लाकूड नाही, विस्तवच नाही.

"आणि हे घालायचं कुठे?"

"पाठीमागे. दुसरी जागा कुठं आहे?"

पाठीमागे म्हणजे देवराईत. बाईंनी त्याचाही विचार केलेला होता. देवराईतला पाला बाहेर न्यायचा नाही, पण हा पाला बाहेर जाणारच नव्हता. विस्तव न्यायचा नाही, तर विस्तव नव्हताच. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. अशी पळवाट आमच्या कचेरीतल्या जुन्या कारकुनांनाही सुचली नसती.

"आता परवानग्या काढू," बाई म्हणाल्या. हे त्या लग्नाच्या याद्या करायला बसल्यासारख्या खुशीत म्हणाल्या.

दिवाळीपासून चैत्रापर्यंत आम्ही तालुक्याला खेपा घातल्या. भिंतीला भोक पाडायचं म्हणून बांधकामवाले, आरोग्याची इमारत म्हणून आरोग्यवाले, झाडं आहेत म्हणून वनवाले, आणि गावाची हद्द म्हणून आमची ग्रामपंचायत. बांधकामवाले म्हणाले, आधी आरोग्याचं आणा. आरोग्यवाले म्हणाले, आधी जागेचं आणा. वनवाल्यांनी नकाशा उलगडला आणि म्हणाले की ही राई आमच्या नकाशात दिसते, पण आमच्या ताब्यात दिसत नाही, तेव्हा आम्ही हो म्हणू शकत नाही आणि नाही म्हणायचाही अधिकार नाही. हे त्यांनी तसंच लेखी दिलं. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "प्रामाणिक माणूस दिसतो."

खरी अडचण आरोग्यवाल्यांकडे आली. आरोग्याच्या इमारतीजवळ उकिरडा नसावा असा नियमच होता, आणि तो गावात लागू करायला बाईच घरोघर भांडत होत्या. मी डोकं चालवलं. अर्जातला 'उकिरडा' खोडला आणि 'वनस्पतिजन्य उष्णता संच' असं लिहिलं. या शब्दांवर मी चार दिवस खूश होतो. बाईंनी अर्ज सहीसाठी घेतला आणि माझ्या शब्दांपुढे आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'म्हणजे उकिरडा.'

"बाई, अहो मुद्दाम बदललंय ते!"

"कळलं मला. पण ज्याला विचारायचं त्याला आपण काय विचारतोय ते कळायला नको का?"

अर्ज अर्थातच परत आला. पण तो वाचून आरोग्याचे मोठे डॉक्टर इतके हसले की स्वतः बघायला आले. त्यांना तिथपर्यंत दोन तास चालावं लागलं. बाईंनी पुरलेली घागर काढली, डॉक्टरांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही. ढीग झाकलेला असावा, पाला महिन्याने खालीवर करावा आणि माशी दिसली तर मोडावा, अशा तीन अटी घालून त्यांनी तिथेच सही केली. त्या सहीच्या जोरावर बाकीच्या सह्या मिळाल्या. पौडच्या बाजारातून पिंप आणलं. वैशाखात सगळे कागद माझ्या पिशवीत होते.

उरली होती देवी.

देवराईत काही करायचं तर देवीचा कौल घ्यावा लागे. गुरवबाबा सत्तरीचे, काटक, आणि देवीच्या कामात कुणाचं न ऐकणारे. ते गावासमोर देवीला गाऱ्हाणं घालत, प्रश्न मोठ्याने विचारत, आणि तांदळाचे दोन दाणे ओले करून दगडाच्या दोन खांद्यांवर चिकटवत. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

मी बाईंना विचारलं, "तुम्ही देवी मानता?"

"मी मानते का नाही, हा प्रश्नच नाही. गाव मानतं, जागा गावाची आहे. घरमालकावर माझा विश्वास नसला म्हणून न विचारता त्याच्या घरात शिरू का?"

गाव राईत बसलं, बाई राईच्या हद्दीवरच्या दगडावर बसल्या. गुरवबाबांनी प्रश्न घातला. सकाळ गेली, दुपार गेली, दाणे हलेनात. दुसरा दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी पश्चिमेला ढग जमायला लागले. पाऊस आधी आला तर पाला भिजणार आणि ढीग रचता येणार नव्हता. बाई शांत होत्या. मी नव्हतो. माझ्या पिशवीत चार कचेऱ्यांच्या सह्या होत्या आणि आम्ही तांदळाच्या दोन दाण्यांसाठी अडून बसलो होतो. मी देशावरचा, इंदापूरकडचा, स्वतःला फार शहाणा समजणारा. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी वहाणा काढून राईत शिरलो, देवीसमोर उभा राहिलो आणि नखाने उजवा दाणा उडवला. मग घरी जाऊन झोपून गेलो.

चारच्या सुमाराला गुरवबाबा राईतून बाहेर आले. "डावा पडला," म्हणाले. "देवी न्हाई म्हनती."

मला वाटलं दुसराही पडला असेल. आत जाऊन पाहिलं. दाणा एकच पडला होता, मी पाडलेलाच. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवी आपल्याकडे तोंड करून बसलेली. आपल्या उजव्या हाताला तिचा डावा खांदा. उजवा-डावा देवीचा धरायचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाऊसाहेबांना ठाऊक नव्हतं.

बाई दगडावरून उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "बरं." मग माझ्याकडे वळून, "भाऊसाहेब, लाकडं भरायला हवीत. पंधरा दिवसांत पाऊस लागेल."

मी त्यांना म्हटलं, कागद आहेत, घाला ढीग, कोण अडवतंय बघू. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कागद परत पिशवीत घातले. खरं सांगायची तेव्हाच वेळ होती. मी भ्यालो. नोकरीला भ्यालो, गावाला भ्यालो, आणि सगळ्यात जास्त बाईंना.

आषाढात एका सकाळी मला उपकेंद्रातून बोलावणं आलं. पलीकडच्या तीरावरून होडीत घालून एक पोर आणली होती, एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, नखशिखांत भिजलेली. सोबत तिची म्हातारी सासू. चूल फुंकायला माणूस नव्हतं. मी फुंकायला बसलो. अडीच तास फुंकत होतो. डोळ्यांतून पाणी, नाकात धूर, आणि लाकडातून नुसता फेस. बाळ झालं, धडधाकट झालं. पण त्या पोरीला हुडहुडी भरली होती, तिचे दात वाजत होते ते मला पडवीत ऐकू येत होते. ती सारखी म्हणत होती, "ऊन पानी द्या वो, ऊन पानी."

मी भगुलं आत नेऊन दिलं. बाईंनी बोट बुडवून पाहिलं आणि तिच्याजवळ वाकल्या. "बाळा, पाणी कोमटच आहे गं. गरम नाही माझ्याकडे. यानं पुसू का? चालेल का तुला?"

माझ्याच्याने तिथे उभं राहवेना. ती पोर "चालंल" म्हणाली हे मी पाठ फिरवल्यावर ऐकलं.

दुपारी ती झोपली, तेव्हा मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी चांगल्यासाठीच केलं, बाई."

"सगळे चांगल्यासाठीच करतात. मला मेमो देणारेसुद्धा." मग ट्रंकेतून कोरा कागद काढला. "लिहून द्या."

"कुणाला?"

"ज्यांच्या जागेत शिरलात त्यांना. विषय घाला आधी."

मी आयुष्यात शेकडो खुलासे लिहिले, पण तसा तो एकच. 'विषय: देवीच्या कौलाच्या दाण्यास हात लावल्याबाबत.' गावाच्या बैठकीत मी तो उभा राहून वाचला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंत आवाज बरा होता, पुढचं कागदाआड तोंड धरून वाचलं. वाचून झालं. मग मागून एका म्हातारीला हसू फुटलं. "येडं रं येडं, उजवं-डावं बी कळंना त्येला!" आणि सगळं गाव हसलं. गुरवबाबा हसले नाहीत.

"वाहना काडल्या हुत्या का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग निम्मं पाप कमी. पर एक सवाल वर्सातनं एकदाच घालता येतो. आता फुडल्या वैशाकात. आन तवर बाईंची चूल तुमी फुकायची."

म्हणजे त्या पावसाळ्यात गरम पाणी नाही ते नाहीच. माझ्या एका टिचकीने बाईंचं वर्ष गेलं, आणि किती जणींनी त्या वर्षात कोमट पाण्यावर भागवलं, ते मला एकेक करून माहीत आहे, कारण प्रत्येक वेळी चुलीपुढे मीच होतो. सरपण आढ्याला टांगून वाळवायचं मी शिकलो. बाई दर वेळी पडवीत येऊन विचारायच्या, "भाऊसाहेब, चूल पेटवता का?" मी मोठ्याने "हो" म्हणायचो. त्यांनी कधी टोमणा मारला नाही. एकदाच, चहा पिताना म्हणाल्या, "फुंकायला छान शिकलात. नखापेक्षा हे बरं."

पुढच्या वैशाखात परत कौल लागला. गुरवबाबांनी मला सगळ्यांच्या पुढे, हात पाठीमागे बांधून उभं राहायला लावलं. पोरं खिदळत होती. दाणे चिकटवले. पहिल्याच दिवशी, जेवणवेळेच्या आधी, सगळ्यांच्या देखत एक दाणा सुटला आणि खाली पडला. देवीच्या डाव्या खांद्यावरचा.

या वेळी ते 'नाही' खरं होतं. मला भर गावासमोर रडू आलं. बाई हद्दीवरच्या दगडावरून उठल्या आणि म्हणाल्या, "बरं." लुगड्याची धूळ मात्र झटकायची विसरल्या.

उकिरडा शेवटी झाला. पिंप त्यात बसलं, पाणी तापलं, इतकं तापलं की गार पाण्याचं विसण घालावं लागे. मी त्या गावात होतो तोवर दर ज्येष्ठात तो नव्याने रचला गेला. चार कचेऱ्यांचे कागद ट्रंकेत तसेच राहिले, कारण ना भिंतीला भोक पडलं ना देवराईचं पान हललं. तो झाला गुरवबाबांच्या घरालगतच्या परड्यात, उपकेंद्रापासून वीस पावलांवर, आणि बाया तिथून बादल्या उचलून आणत. हे कसं झालं तेवढं सांगतो.

बाई राईकडून वाटेला लागल्या तेव्हा गुरवबाबा मागोमाग आले. मी होतोच. आपल्या परड्याच्या कारवीच्या कुडाशी पोचल्यावर बाबा म्हणाले, "बाई, थांबा."

त्या थांबल्या.

"देवीनं तिची जागा दिली न्हाई. त्यात माजं काय चालत न्हाई," बाबा म्हणाले. "कागूद समदे हातात आसून तुमी वरीसभर थांबला. आमीसुदिक देवीसाटी येवडं थांबलो नसतो. पर बाई, ह्ये परडं माजं हाय. उकिरडा बी हितं हायेच. तुमी तालुक्याला इचारलं, डाक्टरला इचारलं, देवीला दोन डाव इचारलं. मला का न्हाई इचारलं?"

त्या घरातली तीन नातवंडं बाईंच्या हातांवर जन्मली होती. तिन्ही वेळा बाळंतीण घरी गेल्यावर बाई रोज तपासायला यायच्या, आणि कुडाच्या फाटकाबाहेर वाटेवर उभ्या राहायच्या. सून बाळाला घेऊन फाटकाशी यायची, बाई तिथेच बघायच्या आणि परत जायच्या. त्यांना आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. का नव्हतं म्हटलं, ते गावाला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि गुरवबाबांनाही. मी दोन वर्षं रोज त्या वाटेने जात होतो आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"भीती वाटली, बाबा," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. तुम्ही नाही म्हणाला असता तर मला रोज या वाटेनं जाता आलं नसतं."

म्हातारा जमिनीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आता इचारा."

बाईंनी पदर सारखा केला. उकिरड्याचं विचारतील असं मला वाटलं.

"आत येऊ का?"

"या," गुरवबाबा म्हणाले, आणि स्वतः फाटकाची आडणी काढली. बाई वाकून वहाणा काढायला लागल्या, तसा बाबांनी त्यांच्यापुढे हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या, बाई, ऱ्हाऊ द्या. शेणाचं परडं हाय त्ये, देऊळ न्हवं."